मार्लेने डीट्रिशचा दिवा

प्रश्न थोडक्यात असा. अभिनय शिकणाऱ्या एका मुलीच्या वर्गात 'ब्लू एंजल' हा १९३० चा जर्मन बोलपट दाखवला. नंतरच्या चर्चेत सरांनी सांगून टाकलं, की त्यातली मार्लेने डीट्रिश ही मुळात बेताचीच नटी, बाकी सगळी किमया दिग्दर्शकाची आणि दिव्यांची. मुलीनं विचारलंय: असं असेल तर ही बाई पन्नासहून जास्त वर्षं टिकली कशी? दिवे काय, सगळ्यांवरच पडतात.

हे शेवटचं वाक्य मला इतकं आवडलं की हातातलं काम टाकून लिहायला बसलो. मी तीस-बत्तीस वर्षं कॅमेरामन आहे. सिनेमे मोजके, मालिका पुष्कळ. चेहरे उजळणं हेच माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे सरांच्या म्हणण्यात कितपत तथ्य आहे ते माझ्या बाजूनं सांगतो. अर्धं खरं आहे. पण जे अर्धं त्यांच्या हातून सुटलं, त्यातच तिची कारकीर्द आहे.

आधी घरी एक प्रयोग करा. रात्री खोलीतले दिवे घालवा, आरशासमोर उभ्या राहा आणि मोबाइलचा टॉर्च लावा. टॉर्च थेट नाकासमोर धरलात तर चेहरा लाटलेल्या पोळीसारखा सपाट दिसेल. कानाच्या बाजूला नेलात तर अर्धा चेहरा अंधारात जाईल आणि कातडीवरचा एकूण एक खड्डा उठून येईल. हनुवटीखाली धरलात तर लहानपणी चुलत भावंडांना घाबरवायचो तो अवतार. आता हात उंच करून टॉर्च कपाळाच्या वर, नाकाच्या बरोबर रेषेत धरा आणि हनुवटी किंचित उचला. नाकाखाली पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी छोटी सावली पडेल. गालफडाखाली खळगा दिसायला लागेल. पापण्यांची सावली गालावर उतरेल. चेहरा गोल असला तरी उभट वाटेल. टॉर्च आणखी चार बोटं वर गेला की डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, माणूस आजारी दिसतो. चार बोटं खाली आला की परत पोळी.

या दिव्याला आमच्या धंद्यात बटरफ्लाय म्हणतात. जुने लोक पॅरामाउंट लाइटही म्हणत, कारण तो गाजला त्या स्टुडिओत, आणि गाजला तो प्रामुख्यानं हिच्या चेहऱ्यावर.

डीट्रिशचा चेहरा मुळात गोल, नाक जरा पसरट. १९२९ च्या आसपासचे तिचे फोटो बघा: गुबगुबीत, मिश्कील, बर्लिनच्या कुठल्याही नाटक कंपनीत खपून जाईल अशी मुलगी. तीन वर्षांनी 'शांघाय एक्सप्रेस'मध्ये तीच बाई कोरून काढल्यासारखी दिसते. गालांना खळगे यावेत म्हणून तिनं दाढा उपटून घेतल्या, अशी दंतकथा तेव्हापासून फिरते आहे. दाढा कशाला उपटायला हव्यात? थोडं वजन उतरलेलं, भुवया वर नेऊन रेखलेल्या, आणि दिवा योग्य उंचीवर. इतकंच लागतं.

आता थोडं चरित्र, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. (आपल्याकडे 'डिट्रिच' लिहितात, जर्मन उच्चार 'डीट्रिश'च्या जवळ जातो.) जन्म २७ डिसेंबर १९०१, बर्लिनला खेटून असलेल्या शोनेबर्गमध्ये. वडील पोलीस अधिकारी, ती लहान असतानाच गेले. आई घड्याळांचा व्यवसाय असलेल्या फेल्सिंग घराण्यातली, शिस्तीची. मुलीचं नाव मारी माग्दालेने; शाळकरी वयात पोरीनं स्वतःच दोन्ही नावं जोडून 'मार्लेने' केलं. व्हायोलिन शिकत होती, मनगट दुखावलं, मग नाटकाकडे वळली. १९२३ मध्ये रुडॉल्फ झीबर या चित्रपट सहायकाशी लग्न, १९२४ मध्ये मुलगी मारिया. नवरा-बायको पुढे एकत्र राहिले नाहीत, पण घटस्फोटही झाला नाही. १९७६ मध्ये तो जाईपर्यंत ती कागदोपत्री त्याची बायको होती.

म्हातारपणी ती छातीठोकपणे सांगायची की 'ब्लू एंजल' हा माझा पहिला चित्रपट, त्याआधी मी नुसती विद्यार्थिनी होते. साफ खोटं. त्याआधी तिनं दीड डझन मूकपट केले होते, शेवटी शेवटी तर मुख्य भूमिकाही. हे खोटं तिनं का जपलं याचं माझं एक मत आहे. त्या मूकपटांत ती वाईट काम करत नाही. पण दिवा चुकीचा आहे. पुढं जे तिला कळलं, ते कळल्यावर ते जुने चित्रपट तिला बघवत नसणार.

१९२९ मध्ये बर्लिनच्या रंगभूमीवर एका संगीत नाटकात दिग्दर्शक जोसेफ फॉन स्टर्नबर्गनं तिला पाहिलं. हा व्हिएन्नात जन्मलेला, अमेरिकेत वाढलेला माणूस. नावातलं 'फॉन' मागाहून चिकटवलेलं. उफा या जर्मन चित्रपट कंपनीनं त्याला हाइनरिश मानच्या कादंबरीवर बोलपट करायला बोलावलं होतं. कथा आपल्याला परकी नाही: शिस्तप्रिय मास्तर, नाचगाणं करणारी बाई, तिच्या नादानं मास्तरांची धूळधाण, आणि शेवटी ज्या रंगमंचाला नावं ठेवली त्याच रंगमंचावर विदूषक होऊन उभं राहणं. व्ही. शांतारामांचा 'पिंजरा' (१९७२) याच कथेवर बेतलेला. डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर ज्यांनी पाहिलाय त्यांना एमिल यानिंग्जचा प्रोफेसर पहिल्याच दृश्यात ओळखू येईल. फरक बाईच्या बाजूचा आहे. संध्याबाईंची चंद्रकला सूड घ्यायला निघते आणि नंतर बदलते. डीट्रिशची लोला सूडही घेत नाही आणि बदलतही नाही. ती खुर्चीत बसून गाते, मास्तर येतात, मास्तर जातात.

तिची स्क्रीन टेस्ट जपून राहिली आहे; जमल्यास जरूर बघा. पियानोला टेकून गाणं म्हणायचंय. पियानोवाला चुकतो, ती गाणं थांबवून त्याच्यावर खेकसते, जिभेवरचा तंबाखूचा कण काढते, पुन्हा गोड हसून सुरुवात करते. अजून स्टर्नबर्गचा दिवा तिच्यावर पडलेला नाही. तरी नजर हलत नाही. सरांना ही टेस्ट दाखवा.

'ब्लू एंजल'चा पहिला खेळ १ एप्रिल १९३० रोजी बर्लिनच्या ग्लोरिया पालास्टमध्ये झाला. ऑस्करचं पहिलं सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं बक्षीस घेतलेला यानिंग्ज नायक होता, पण लोकांनी डोक्यावर घेतलं तिला. आणि त्याच रात्री ती बोट गाठायला निघाली. अमेरिका, पॅरामाउंट, स्टर्नबर्ग. पाच वर्षांत आणखी सहा चित्रपट.

पहिला 'मोरोक्को'. कॅमेरा ली गार्म्सचा. तिचं इंग्रजी जड. मदत नको, एवढंच सांगणारं एक छोटं वाक्य होतं आणि त्यातला 'हेल्प' हा शब्द काही केल्या सरळ निघेना, तर स्टर्नबर्गनं सगळ्या युनिटसमोर टेकवर टेक घेतले. तो अभिनयाबद्दल फारसं बोलायचाच नाही म्हणतात. मनात आकडे मोज आणि त्या दिव्याकडे बघ, इतपत सूचना. ऐकायला अपमानास्पद वाटतं. पण मी कॅमेरामन म्हणून ऐकतो तेव्हा वेगळं ऐकू येतं: तो तिला दिवा कुठं आहे हे सांगतोय. डोळे कुठल्या क्षणी उचलले की त्यात ठिपका येतो, हे अंगात मुरवतोय. (डोळ्यात दिव्याचा ठिपका नसला की डोळा मेलेला दिसतो. मालिकेच्या सेटवर नवा असिस्टंट आला की त्याला मी पहिला धडा हाच देतो.) 'मोरोक्को'साठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. आयुष्यातलं ते एकमेव.

'शांघाय एक्सप्रेस' (१९३२) साठी छायाचित्रणाचं ऑस्कर गार्म्सला मिळालं. त्यातला एक शॉट आमच्या धंद्यात सगळ्यांनी निदान एकदा तरी चोरायचा प्रयत्न केलाय. आगगाडीचा डबा, ती दाराला टेकून उभी, मागं काळोख. दिवा डोक्यावरून. सिगारेट धरलेली बोटं थरथरतात, धूर दिव्याच्या झोतात वर चढतो, आणि ती डोळे वर करून दिव्याकडेच बघते. शब्द नाही. मी एकदा एका दूरदर्शनपटात हे करायला गेलो. दिवा तसाच, धूरही तसाच. मुलगी गोड होती, कामाला चांगली होती, पण तिनं डोळे वर केले की बुबुळाखालचं पांढरं दिसायचं आणि खाली घेतले की खोबणीत अंधार. मधल्या अर्ध्या इंचात राहणं तिला जमेना. त्यात तिचा काय दोष? ते कुणी शिकवलेलंच नव्हतं. तेव्हा मला कळलं की त्या शॉटमध्ये दिव्याइतकंच काम मान करते आहे.

'द स्कार्लेट एम्प्रेस' (१९३४) मध्ये लग्नाचा प्रसंग आहे. तोंडावर झिरझिरीत जाळी, हातात मेणबत्ती, ओठांच्या इतकी जवळ की श्वासानं ज्योत हलते. कॅमेरा जवळ जातो. ती काही करत नाही, श्वास घेते. श्वास वाढला की ज्योत फडफडते. मनात काय चाललंय ते मेणबत्ती सांगते. आता मला सांगा, ही दिग्दर्शकाची करामत की नटीची? ज्योत विझू न देता ती हलेल एवढाच श्वास सोडायचा, आणि तोही पुन्हा पुन्हा, दर टेकला.

आणि आरसा. सेटवर कॅमेऱ्याशेजारी ती माणूसभर उंचीचा आरसा उभा करून घ्यायची. लोकांनी त्याला गर्व म्हटलं. अहो, आज प्रत्येक सेटवर मॉनिटर असतो आणि शॉट झाला की नट मंडळी धावत जाऊन बघतात. त्याला कुणी काही म्हणत नाही. तिच्या काळी मॉनिटर नव्हता, म्हणून आरसा. सावली नाकाखाली किती उतरली, ओठाला लागली का, कॉलरची घडी दिव्यात येते का, हे ती स्वतः तपासायची. दिवा लागेपर्यंत स्टार लोक मेकअप रूममध्ये बसतात आणि त्यांच्या जागी दुसरं कुणी उभं राहतं, ही जगाची रीत. ही तासन् तास स्वतः उभी राहायची. दिवे असे शिकता येतात. दुसरा मार्ग मला माहीत नाही.

१९३५ मध्ये 'द डेव्हिल इज अ वूमन' पडला आणि जोडी फुटली. त्यात कॅमेराही स्टर्नबर्गनं स्वतःच सांभाळला होता. सरांचा सिद्धांत खरा असता तर इथून पुढं शिष्या विझायला हवी होती आणि गुरू नव्या बाईवर तोच दिवा टाकून नवी डीट्रिश घडवायला मोकळा होता. झालं उलटं. स्टर्नबर्गनं पुढं चित्रपट केले, दुसऱ्या सुंदर बायकांवर दिवे टाकले, पण ते दिवस परत आले नाहीत. तिची कारकीर्द मात्र अजून चाळीस वर्षं चालायची होती.

सरळ चालली असं नाही. १९३८ मध्ये अमेरिकेतल्या चित्रपटगृह मालकांच्या एका संघटनेनं जाहिरात देऊन काही नटनट्यांना गल्ल्याचं विष ठरवलं. त्या यादीत ग्रेटा गार्बो, जोन क्रॉफर्ड, कॅथरीन हेपबर्न यांच्यासोबत ही पण. काम थांबलं. मग युनिव्हर्सलकडून एका घोडे-पिस्तूल छापाच्या चित्रपटाची विचारणा आली, पैसे आधीपेक्षा कितीतरी कमी. तिनं घेतला. 'डेस्ट्री राइड्स अगेन' (१९३९). त्यात ती दारूच्या गुत्त्यात दुसऱ्या बाईशी जमिनीवर लोळून झोंबाझोंबी करते, केस विस्कटतात, वरून पाण्याची बादली ओतली जाते. संगमरवरी पुतळा स्वतःच्या हातानं फोडला आणि लोक खूश झाले. गुत्त्यातलं गाणं फ्रीडरिश हॉलेंडरचं. 'ब्लू एंजल'ची गाणीही त्याचीच. तोवर तोही ज्यू म्हणून जर्मनी सोडून अमेरिकेत आलेला.

नाझी राजवटीनं तिला परत बोलावलं होतं, पाहिजे ते देऊ म्हणून. तिनं नकार दिला आणि १९३९ मध्ये अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं. १९४४ आणि ४५ मध्ये ती सैनिकांपुढे कार्यक्रम करत अल्जीरिया, इटली, फ्रान्स, मग जर्मनीपर्यंत गेली. इथं कॅमेरामन म्हणून माझी बोलती बंद होते. ट्रकच्या फळीवर, चिखलात, असेल त्या उजेडात ती उभी राहायची. गायची, आणि गुडघ्यांत करवत धरून ती धनुकलीनं वाजवायची. हो, सुताराची असते तशी करवत; तिचं व्हायोलिन असं कामी आलं. इटलीत बारी इथं न्यूमोनियानं आडवी झाली, पेनिसिलिननं वाचली, पुन्हा निघाली. कुठला दिवा होता तिथं?

युद्ध संपल्यावर कळलं की सख्खी बहीण एलिझाबेट आणि तिचा नवरा बेर्गेन-बेल्झेनच्या छळछावणीजवळ जर्मन सैनिकांसाठी चित्रपटगृह चालवत होते. त्यानंतर ती जाहीरपणे सांगत राहिली की मी एकुलती एक. पहिलं खोटं मला समजतं म्हणालो. हे दुसरंही समजतं, पण त्यावर मी काही बोलू नये.

१९४७ मध्ये अमेरिकी सरकारनं तिला मेडल ऑफ फ्रीडम दिलं. १९४८ मध्ये बिली वाइल्डरच्या 'अ फॉरिन अफेअर'मध्ये ती बर्लिनच्या ढिगाऱ्यांत गाणाऱ्या, नाझींशी संबंध असलेल्या बाईच्या भूमिकेत दिसली. पियानोवर चित्रपटातच कोण बसलंय? हॉलेंडर. त्याच वर्षी ती आजी झाली आणि वर्तमानपत्रांना तिला जगातली सगळ्यात मोहक आजी म्हणायची सवय लागली. वय सेहेचाळीस. आपल्याकडे या वयात नायिकेला नायकाची आई करून मोकळे होतात.

सेटवर सांगतात तो एक किस्सा. ती जुन्या ओळखीच्या कॅमेरामनला म्हणाली, पूर्वी तुम्ही मला किती सुंदर टिपलं होतंत, आता तसं का येत नाही? तो म्हणाला, बाई, तेव्हा मी दहा वर्षांनी तरुण होतो. हा किस्सा वेगवेगळ्या कॅमेरामनच्या नावावर ऐकलाय, तेव्हा तो कुणाचा ते सोडा. त्यातली अडचण खरी आहे. वय वाढलं की वरचा दिवा दगा देतो. तरुण गालावर जो खळगा सुंदर दिसतो तोच पुढं खड्डा होतो, डोळ्यांखालच्या पिशव्यांना सावली पडते. मग दिवा किंचित खाली घ्यायचा, खालून हलकं बाउन्स, म्हणजे परतवलेला उजेड, द्यायचं, लेन्सवर बारीक जाळी, आणि नटीनं हनुवटी पूर्वीपेक्षा थोडी जास्त उचलायची. हे सगळं कॅमेरामनला माहीत असतं. नटीलाही माहीत असेल तर काम निम्मं होतं.

हिला माहीत होतं. लंडनला 'स्टेज फ्राइट' (१९५०) करताना हिचकॉकनं, जो स्वतःच्या सेटवर कुणाला पेन्सिल हलवू द्यायचा नाही, तिला तिचे दिवे कॅमेरामन विल्की कूपरबरोबर ठरवू दिले. नायिका होती जेन वायमन, साध्या मुलीच्या भूमिकेत. रोजच्या रशेसमध्ये, म्हणजे त्या त्या दिवशी टिपलेल्या कच्च्या फिल्ममध्ये, डीट्रिशशेजारी स्वतःला बघून ती रडायची आणि मग हळूहळू स्वतःला सुंदर करत न्यायची, त्यानं पात्राची वाट लागली, अशी तक्रार हिचकॉकनं नंतर केली. डीट्रिश ही धंद्यातली पक्की बाई, अगदी धंद्यातली कॅमेरामनसुद्धा, असा त्याचा तिरकस शेरा प्रसिद्ध आहे. शेरा म्हणून मारला, पण मला ते प्रशस्तिपत्रक वाटतं.

माझ्याही नशिबात अशी एक बाई येऊन गेली. नाव सांगत नाही. साठी ओलांडलेल्या, नाटकातून आलेल्या, मालिकेत आजीचं काम. एक दिवस त्या खुणेवर उभ्या राहिल्या आणि डोळे मिटून म्हणाल्या, "दादा, तुमचा वरचा बेबी काल होता तिथं नाहीये. दोन बोटं डावीकडे गेलाय का?" (बेबी म्हणजे आमचा छोटा दिवा.) मी हसलो. वर तराफ्यावरच्या लाइटदादाला विचारलं, तर सकाळी कुणाचा तरी धक्का लागून स्टँड फिरलेला. त्यांना कपाळावरच्या उष्णतेवरून कळलं होतं. तेव्हापासून त्यांच्या क्लोजला मी आधी त्यांना विचारायचो आणि मग मीटर काढायचो. आता एलईडी आलेत, उष्णता नाही, ही विद्याही गेली.

आपल्याकडे हा जर्मन दिवा थेट आलाही होता. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये जोसेफ विर्शिंग कॅमेऱ्यावर होता, आणि देविकाराणी बर्लिनला उफामध्ये शिकून आलेल्या. 'अछूत कन्या' (१९३६) मधले त्यांचे क्लोज बघा, तो वरून उतरणारा मऊ उजेड. असो, तो वेगळा विषय आहे, कधीतरी लिहीन.

पन्नाशीनंतरचे तिचे तीन चित्रपट मात्र चुकवू नका. 'विटनेस फॉर द प्रॉसिक्युशन' (१९५७), यात ती आपला चेहरा चक्क लपवते. कुठं आणि का ते सांगत नाही. पहिल्यांदा बघताना मला कळलं नव्हतं. ऑस्करवाल्यांनाही कळलं नसावं, कारण नामांकन झालं नाही आणि तिला त्याचं वाईट वाटलं. दुसरा ऑर्सन वेल्सचा 'टच ऑफ ईव्हिल' (१९५८): काळ्या केसांचा टोप, मोजून काही मिनिटं, काम एका रात्रीत उरकलेलं, आणि चित्रपटाचा शेवट तिच्या तोंडी. तिसरा 'जजमेंट ॲट न्यूरेंबर्ग' (१९६१), त्यात फाशी गेलेल्या जर्मन जनरलची विधवा. ज्या राजवटीला तिनं लाथ मारली, त्याच राजवटीच्या एका माणसाच्या बायकोचा ताठा तिला दाखवायचा होता. ताठ मान तिला आईकडूनच माहीत होती.

पण तोवर तिचं खरं काम रंगमंचावर सुरू झालं होतं. डिसेंबर १९५३, लास व्हेगासचं सहारा हॉटेल, आठवड्याला ३० हजार डॉलर. अंगावर पारदर्शक वाटणारा, मण्यांनी मढवलेला पोशाख, जो बघून लोकांना वाटायचं की आत काहीच नाही. पुढं बर्ट बाखराखसारखा तरुण संगीतकार वाद्यवृंद सांभाळायला मिळाला आणि गाणी नव्यानं बांधली गेली. आवाजाचा पल्ला लहान, हे तिला ठाऊक होतं. ती गाणं म्हणण्यापेक्षा सांगायची. आणि प्रकाशयोजनेला इंग्लंडचा जो डेव्हिस. दौऱ्यावर त्याचे दिवे तिच्याबरोबर जगभर फिरले. एक बाई, एक माइक, एक झोत. सिनेमात चार बोटांचा हिशेब असतो. रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत तो पोचवायचा म्हणजे झोताच्या कडेवर नेमकं उभं राहायचं. वीसेक वर्षं तिनं हे केलं.

१९६० मध्ये ती जर्मनीत गायला गेली. काही लोक बाहेर फलक घेऊन उभे: मार्लेने, परत जा. ड्युसेलडॉर्फला एक मुलगी तोंडावर थुंकली. बर्लिनच्या टिटानिया पालास्टमध्ये महापौर विली ब्रांट हजर राहिले, आत टाळ्या थांबेनात. त्याच वर्षी ती इस्रायलमध्ये गेली. तिथं रंगमंचावर जर्मन भाषा चालत नव्हती. तिनं श्रोत्यांना विचारलं आणि जर्मनमध्ये गायली, लोक रडले.

२९ सप्टेंबर १९७५, सिडनी. रंगमंचावर पडली, मांडीचं हाड मोडलं, दौरे संपले. नंतर एकदाच कॅमेऱ्यासमोर आली, 'जस्ट अ जिगोलो'साठी. चित्रपट बर्लिनचा, नायक डेव्हिड बोवी. पण ती पॅरिस सोडेना, म्हणून तिची दृश्यं पॅरिसमध्ये घेतली आणि जोडकाम करून दोघं समोरासमोर आहेत असं भासवलं. रुंद काठाची टोपी, तोंडावर जाळी, उजेड अगदी जपून. वय ७६.

मग दार लावून घेतलं. पॅरिसच्या आव्हेन्यू माँतेनवरच्या घरात शेवटची दहा-बारा वर्षं ती अंथरुणातच होती. फोनवर जगाशी तासन् तास बोलायची, भेटायची कुणाला नाही. 'न्यूरेंबर्ग'मध्ये बचावाचा वकील होऊन ऑस्कर घेतलेला माक्सिमिलियान शेल तिच्यावर माहितीपट करायला आला. ती तयार झाली, अट एकच: कॅमेरा नाही. फक्त आवाज ध्वनिमुद्रित करायचा. त्यानं हातापाया पडून पाहिलं. तिचं उत्तर ठरलेलं, माझे आयुष्यभर पुरतील इतके फोटो काढून झालेत. शेवटी १९८४ मध्ये चित्रपट आला तो तसाच: जुनी दृश्यं, उभारलेल्या सेटवर तिच्या खोलीची नक्कल, आणि वरून एक चिडका, घोगरा, पदोपदी दिग्दर्शकाला दुरुस्त करणारा म्हातारा आवाज.

त्या माहितीपटाच्या कॅमेरामनची मला नेहमी दया येते. पण तिच्या जागी बसून विचार केला की वाटतं, तिला नेमकं माहीत होतं. ऐंशीच्या चेहऱ्याला दिवा कुठून द्यावा लागेल, किती जाळ्या लावाव्या लागतील, आणि एवढं करून काय दिसेल. सर म्हणतात तशी ती दिव्यांची बाहुली असती, तर दिवा लावणाऱ्या कुणावरही विसंबून राहिली असती.

६ मे १९९२ रोजी ती गेली, वय ९०. बर्लिनमध्ये फ्रीडेनाऊच्या दफनभूमीत आईच्या जवळ तिला पुरलं. दुसऱ्याच दिवशी कान महोत्सव सुरू होत होता, आणि त्या वर्षीचं पोस्टर महिनोन्‌महिने आधी ठरलेलं: 'शांघाय एक्सप्रेस'मधला तिचा फोटो. ते पोस्टर शोधून काढा, सरांना दाखवा, आणि दिवा कुठून येतोय ते विचारा. मग त्यांना मान बघायला सांगा.